न पडलेल्या भिंतीचं श्रेय

सुरतेत महापालिकेच्या मुख्यालयात तक्रार घेऊन जाणारा माणूस शाहजहानच्या काळातल्या इमारतीत पाऊल टाकतो, हे बहुधा त्याच्या गावीही नसतं. त्याचा नळ बंद असतो, नाहीतर कुणाच्या तरी जन्मदाखल्यावर नाव चुकलेलं असतं. 1644 मध्ये हकीकतखानानं बांधलेली ही मुगलसराई म्हणजे हजला निघालेल्या यात्रेकरूंची आणि व्यापाऱ्यांची उतरायची जागा. पुढे काही काळ तिचा तुरुंग झाला आणि 1867 पासून तिथं नगरपालिकेचं बिऱ्हाड आहे. म्हणजे नुसतं कार्यालय म्हणूनच तिचं वय दीडशेच्या पुढे गेलं. एवढ्या काळात तिच्या भिंतींवर रंगाचे किती हात बसले, किती वायरी ठोकल्या गेल्या, किती पार्टिशनं आली आणि गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. इमारत मात्र उभी आहे, कारण रोज सकाळी तिचं दार उघडावं लागतं आणि गळकं छप्पर घेऊन कचेरी चालवता येत नाही.

हे श्रेय कुणाच्या नावावर मांडायचं? आपल्याकडे याला उत्तर नाही. वास्तुजतनाचे आपले सगळे सन्मान पडझड झाल्यावर सुरू होतात. आधी इमारत मोडकळीला यावी लागते. मग वर्तमानपत्रात हळहळ, मग समिती, मग निधी, मग वास्तुविशारद, मग फीत आणि शेवटी पुरस्कार. पुरस्काराच्या अर्जाला दोन फोटो जोडायचे असतात, एक आधीचा आणि एक नंतरचा. ज्या घरात दरवर्षी मृगाच्या आत शाकारणी होते, ज्याच्या पन्हळीतला पालापाचोळा न चुकता काढला जातो, त्या घराकडे आधीचा फोटोच नसतो. त्याचं आधी आणि नंतर सारखंच असतं. मला वाटतं, गावोगावच्या वास्तुजतनातलं खरं कर्तृत्व याच घरात आहे, आणि नेमकं तेच आपल्या मोजपट्टीत बसत नाही.

हे म्हणताना मोठ्या दुरुस्त्यांना नावं ठेवायची नाहीत. सुरतेचाच किल्ला घ्या. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांनी हैराण होऊन गुजरातच्या सुलतानानं, तिसऱ्या महमूदशहानं, तो बांधायला सांगितला आणि खुदावंदखानानं 1540 ते 1546 या काळात तापीच्या काठावर तो उभा केला. शिवाजी महाराज 1664 च्या जानेवारीत सुरतेवर आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. मग इंग्रज आले, 1862 मध्ये फौजेला किल्ल्याची गरज उरली नाही आणि महसूल व पोलीस खात्यांची दप्तरं आत आली. खुर्च्या-कपाटांनी त्याची रया घालवली खरी, पण त्याला जिवंतही त्यांनीच ठेवलं. अलीकडच्या काळात महापालिकेनं ती सगळी अडगळ काढून किल्ला दुरुस्त केला, संग्रहालय केलं आणि लोकांना आत घेतलं. एका महापालिकेनं किल्ल्यावर एवढा पैसा आणि एवढी वर्षं लावणं ही आपल्या देशात रोज घडणारी गोष्ट नाही. तिचं कौतुक महाराष्ट्रातल्या महापालिकांनी जरा मोकळेपणानं करायला हरकत नाही. आमलीरानमधलं कवी नर्मद यांचं घरही याच महापालिकेनं राखलं.

मुंबईत तर अशा कामांना जागतिक शाबासकी मिळाली. युनेस्को 2000 पासून आशिया-पॅसिफिकमधल्या वास्तुजतनाला पुरस्कार देते. त्यातले किती एकट्या भायखळ्यात आले पाहा: 2005 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 2019 मध्ये ग्लोरिया चर्च, 2022 मध्ये चक्क भायखळा स्टेशन. स्टेशनचं मला जास्त अप्रूप वाटतं. संग्रहालय बंद ठेवून काम करता येतं. लोकल थांबवून करता येत नाही.

पण या यादीतली नावं नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. विश्वस्त असतात, देणगीदार असतात, वास्तुविशारद असतो. गवंडी नसतो. आणि ज्या गावाला विश्वस्त नाहीत, देणगीदार नाहीत, ते गाव या खेळात उतरतच नाही.

सचिन हे असं गाव आहे.

सुरतेहून मुंबईकडे निघालं की उधना, भेस्तान आणि मग सचिन स्टेशन लागतं. आज सचिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जीआयडीसी येते: लूम्सची खाती, प्रोसेस हाउसं, रसायनांचे कारखाने, ट्रकांच्या रांगा. इथं संस्थान होतं, त्याला नवाब होता आणि 9 तोफांची सलामी होती, हे सांगितलं तर इथं जन्मलेल्या पोरांनाही खोटं वाटेल. मराठी वाचकाला तर ते जास्तच माहीत असायला हवं होतं, कारण हे संस्थान पुण्यात जन्मलं. जंजिऱ्याचा सिद्दी अब्दुल रहीम 1784 मध्ये वारला आणि गादीचं भांडण लागलं. सिद्दी जौहरनं (पन्हाळ्याला वेढा घालणारा तो वेगळा, हा सव्वाशे वर्षांनंतरचा) जंजिरा धरून ठेवला आणि वारस असलेला अब्दुल करीम ऊर्फ बाळू मियाँ पेशव्यांच्या आश्रयाला आला. जून 1791 मध्ये करार झाला. बाळू मियाँनं जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना सोडायचा आणि बदल्यात सुरतेजवळचा, वर्षाला 75 हजार उत्पन्नाचा मुलूख घ्यायचा. जौहरनं किल्ला सोडला नाही. ज्या जंजिऱ्यापुढे शिवाजी-संभाजींनीही हात टेकले होते तो कागदावर विकत घेण्याचा हा पुणेरी प्रयोग फसला. बाळू मियाँला मात्र सचिन मिळालं. त्याच्या वंशजांनी ते 1948 पर्यंत सांभाळलं, मग ते मुंबई प्रांतात विलीन झालं आणि 1960 ला गुजरातेत गेलं.

संस्थान ते केवढं? पन्नास चौरस मैलांच्या आतबाहेरचं, आणि तेही सलग नाही. मध्ये मध्ये इंग्रजांची गावं, गायकवाडांची गावं. आज सुरतकर रविवारी ज्या डुमसला टोमॅटोची भजी खायला जातात ते सचिनकडे होतं. सुरतेचं मध्यवर्ती कारागृह आज जिथं आहे ते लाजपोरही सचिनचंच. याच नवाब घराण्याशी फातमा बेगम यांचं नाव जोडलं जातं. 1926 मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढणारी ही भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक, आणि तिची मुलगी झुबेदा 1931 च्या ‘आलम आरा’ची नायिका. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. चित्रपट असा पार पुसला जातो. इमारत पडली तरी निदान जोतं राहतं, म्हणून तर आपण एवढे बेफिकीर असतो.

आता कुणी म्हणेल, नवाबाच्या वास्तू राखून आमच्या लूमवरच्या माणसाला काय मिळणार? हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबं लिंबायत, उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यात राहतात. त्यांच्या दृष्टीनं वारसा ही दूरची गोष्ट. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाचा वायू पसरला आणि झोपेतले 6 कामगार गेले. जिथं श्वास घेण्याची हमी नाही तिथं नक्षीदार तुळयांबद्दल बोलणं उर्मटपणाचं वाटतं.

तरीही मी बोलणार आहे, आणि त्याचं कारणही सचिनमध्येच आहे. 6 जुलै 2024 ला सचिनच्या पाली गावात कामगार भाड्यानं राहत होते ती बहुमजली इमारत कोसळली. 7 माणसं मेली. इमारत जुनी नव्हती, जेमतेम सात-आठ वर्षांची होती. त्याच शहरात पावणेचारशे वर्षांची सराई रोज हजारो पायांचा भार सोसते आहे. दोन्हींतला फरक नुसत्या दगड-चुन्याचा नाही. एका इमारतीकडे पिढ्यान्पिढ्या कुणीतरी पाहत आलं. दुसरीकडे, भाड्याचा दिवस सोडला तर, पाहावं असं कुणालाच वाटलं नाही. इमारतीची देखभाल हा नवाबी शौक आहे असं मानलं की त्याची किंमत भाडेकरू मोजतो. भिंतीवरची चीर वाचता येणं, तुळई कधी वाकली ते ओळखणं, गळतीचं मूळ शोधणं ही विद्या जुन्या वास्तूंच्या निमित्तानं टिकली तर उपयोगी नव्या चाळींना पडेल. म्हणून देखभालीचा सत्कार करा असं मी म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नवाबाची गढी नंतर येते. आधी पाली येतं.

ही विद्या कशी हरवते ते पाहायला कुठल्याही जुन्या गल्लीतली एक भिंत पुरते. पावसाळा सरल्यावर बघा. जोत्यापासून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा दिसेल, त्याच्या वर जुना चुना. सिमेंट जिथं संपतं त्या रेषेच्या वर भिंत फुगलेली असते, पोपडे सुटलेले असतात, पांढरा लोणा आलेला असतो, आणि बोट लावलं तर विटेचा लाल भुगा हाताला लागतो. घरमालक सांगतो, खालचं सिमेंट कसं टणक आहे बघा, वरचा चुनाच कुचकामी. प्रत्यक्षात उलटं झालेलं असतं. जमिनीतली ओल विटांतून वर चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो आणि भिंत आपोआप वाळते. सिमेंटनं वाट बंद केली की ओल भिंतीतच अडकते आणि आणखी वर चढते. जिथं तिला बाहेर पडायला जागा सापडते तिथं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, ते फुगतात आणि वीट आतून फोडतात. मालक काय करतो? सिमेंट छातीपर्यंत नेतो. पुढच्या पावसाळ्यात ओल खांद्याला. तोवर आत तुळईचं टोक कुजू लागलेलं असतं आणि वाळवीला निमंत्रण गेलेलं असतं. डांगच्या जंगलातल्या सागाचे खांबही या पाहुणचारापुढे टिकत नाहीत. मग एक दिवस इमारत ‘धोकादायक’ ठरते आणि सगळे काळाला दोष देतात. काळानं काही केलेलं नसतं, दोन पोती सिमेंटनं केलेलं असतं.

हे ज्याला ठाऊक आहे तो गवंडी आज कुठं आहे? कळीचा चुना हौदात विरवायचा, तो घाई न करता भिजू द्यायचा, मग वाळू आणि विटकरीच्या चुऱ्याबरोबर घाणीत मळायचा, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी किती घालायचं ते हाताच्या अंदाजानं ठरवायचं. याला वेळ लागतो आणि वेळेचा दर कुठल्याही अंदाजपत्रकात नसतो. सरकारी निविदेत सर्वांत कमी दराला काम जातं. तो दर सिमेंटवाल्यालाच परवडतो. चुन्याचं काम येणारा म्हातारा गवंडी मग टाइल्स बसवायला जातो. त्याचा मुलगा लूमवर जातो. असं दोनच पिढ्यांत एक शास्त्र संपतं, आणि तेही कुणाच्या वाईट हेतूशिवाय.

जपाननं या बाबतीत वेगळा विचार केला. तिथला सांस्कृतिक संपदेचा कायदा 1950 चा. 1975 मध्ये त्यात दुरुस्ती करून त्यांनी इमारतींबरोबर इमारती राखण्याची तंत्रंही संरक्षणाखाली घेतली. सालींचं छप्पर शाकारणारा, लाकूड जोडणारा, भिंत लिंपणारा अशा कारागिरांना सरकार नावानिशी मान्यता देतं आणि शिष्य तयार करायला पैसा देतं. म्हणजे वास्तूच्या यादीशेजारी हातांची यादी. आपल्याकडे मुंबईनं 1995 मध्ये वारसा वास्तूंची यादी आणि नियम केले, ते देशात पहिले होते. पण दर्जा एक, दोन, तीन लागला तो इमारतींना. हातांना अजून कुणी दर्जा दिलेला नाही.

दुसरं उदाहरण हॉलंडचं, आणि हॉलंडचं सुरतेशी जुनं नातं आहे. मलबारच्या वनस्पतींवर 12 खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा हेंड्रिक व्हान रीड 1691 मध्ये वारला. त्याची भली थोरली कबर इथल्या डच कबरस्तानात आहे. तर त्या हॉलंडमध्ये 1973 पासून एक संस्था चालते. जुन्या घराचा, चर्चचा, पवनचक्कीचा मालक तिचा वर्गणीदार होतो. वर्षातून एकदा संस्थेची दोन माणसं शिडी घेऊन येतात, छपरावर चढतात, पन्हळी साफ करतात, सरकलेलं कौल जागेवर बसवतात आणि काय केव्हा दुरुस्त करायला हवं याचा कागद मालकाच्या हातात देतात. बस, एवढंच. त्यात उद्घाटन नाही की संग्रहालय नाही. मोठी दुरुस्ती काढायची वेळच येऊ नये म्हणून ही सगळी खटपट. आपल्याकडे असा कागद कुणी घरपोच दिला तर आधी शंका येईल की हा बिल्डरचा माणूस तर नव्हे.

शंका रास्तच आहे. जुन्या घरांच्या बाबतीत मालक, भाडेकरू आणि बिल्डर या तिघांचा एकमेकांवर विश्वास उरलेला नाही आणि त्याला एक कायदाही जबाबदार आहे. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा गुजरातेतही लागू राहिला. महागाईच्या दिवसांत भाडेकरूला छप्पर मिळावं म्हणून भाडी गोठवली, हेतू चांगलाच होता. पण भाडं गोठलं आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. पुण्याच्या पेठांतले वाडे असेच गेले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली वाटेना, आणि वाडा पडावा अशी निदान एका बाजूची मनातून इच्छा. वाडा पडला की प्लॉटला सोन्याचा भाव. अशा स्थितीत जो मालक वाडा पाडत नाही, स्वतःच्या खिशातून कौलं बदलतो, त्याला शेजारीपाजारी वेड्यात काढतात. त्याला वेडा ठरवणाऱ्या व्यवहारात त्याचं नाव घेणं, चारचौघांत घेणं, याला मी सन्मान म्हणतो. शाल-श्रीफळानं तो होत नाही. त्याची घरपट्टी कमी झाली, दुरुस्तीची परवानगी महिन्याभरात मिळाली, चुना वाजवी भावात मिळाला, तर होतो. मानपत्र भिंतीवर टांगायला आधी भिंत पाहिजे.

राखणाऱ्याला मान द्यायची ही कल्पना परकीही नाही आणि नवीही नाही. सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानात जॉर्ज ऑक्सेंडनचा घुमटाचा मकबरा आहे. 1664 मध्ये मराठ्यांनी सुरत लुटली तेव्हा यानं इंग्रजांची वखार लढवून राखली. कंपनीनं त्याला सोन्याचं पदक दिलं आणि त्यावर लॅटिनमध्ये, मिळवण्याइतकंच मिळवलेलं राखणंही मोठं, अशा अर्थाचे शब्द कोरले. आपल्या महाराजांच्या स्वारीत मिळालेलं हे पदक, तेव्हा मराठी माणसाला त्याचं कौतुक जडच जाणार. शिवाय कंपनीनं राखला तो माल, वास्तुकला नव्हे. तरी सतराव्या शतकातल्या एका नफेखोर कंपनीला जी गोष्ट कळली ती आपल्या पुरस्कार-समित्यांना अजून कळायची आहे, हे खरंच.

आपल्याकडे याच्या उलट बाजूचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे आणि तिथं नतमस्तक न होणारा मराठी माणूस विरळा. पण हिरोजींनी गड बांधला. त्यानंतर तळी उपसणारे, दरवाज्यांना तेलपाणी करणारे, पावसाळ्याआधी कौलं चाळणारे कोण होते? गडकोटांवर अशी माणसं नेमलेली असत, त्यांना वेतनं आणि इनामं असत. त्यांची नावं पायरीवर नाहीत. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, आपण पेढे वाटले, ते योग्यच. आता त्या 12 गडांवर रोजचं झाडलोटीचं, झुडपं काढण्याचं काम करणारे कोण, त्यांना पगार किती आणि महिन्याच्या महिन्याला मिळतो का, हे विचारणारा लेख मी अजून वाचलेला नाही. तटाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच उपटणारा माणूस त्या तटाचं जेवढं भलं करतो तेवढं कोट्यवधींची योजनाही करत नाही. पिंपळ मनगटाएवढा झाला की काढताना तटच उकलतो.

एक धोका मला दिसतो आणि तो मुगलसराईबद्दलच आहे. महापालिकेचं नवं, उंच मुख्यालय रिंग रोडला होतं आहे. शहर वाढलं, कारभार वाढला, त्याला इलाज नाही. पण कचेरी उठून गेली की सराई ‘वारसा’ होईल. वारसा होणं म्हणजे आपल्याकडे बहुधा कुलूप लागणं. मग काही वर्षांनी तिच्यातून पारवे काढायची योजना येईल, आणि त्या योजनेला पुरस्कारही मिळेल. त्यापेक्षा दाखल्यांच्या दोन खिडक्या तिथंच राहू द्याव्यात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला 2004 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला म्हणून काही गाड्या दुसरीकडून सोडायला लागले नाहीत. उलट गाड्या सुटतात म्हणून तिथला दगड धुतला जातो.

सचिनपुरतं बोलायचं तर संधी आत्ता आहे. 2020 मध्ये सचिन आणि कनकपूर-कनसाड या नगरपालिका सुरत महापालिकेत विलीन झाल्या. गटारं, दिवे, नळ यांची मोजणी अशा वेळी होतेच. त्याच फेरीत जुन्या बांधकामांची मोजणी करायला वेगळा खर्च येत नाही. सुरतेच्या वारशाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते चौक, गोपीपुरा, नानपुरा आणि फार तर रांदेरपाशी थांबतं. शहराची हद्द सचिनपर्यंत आली, पण शहराची आठवण अजून कोटाच्या आतच आहे. यादी करताना महाल आणि मकबरे यांच्यामागे लागू नये. गावठाणातली विहीर, पाणपोई, मशीद, देऊळ, शाळेची जुनी खोली, स्टेशनची जुनी बांधणी, दोनमजली लाकडी घर, जे काही वापरात आहे ते लिहावं. आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने असावेत: हे आजवर कुणी राखलं, आणि दुरुस्ती कुणाच्या हातानं झाली. पहिल्या रकान्यात मुतवल्ली येईल, पुजारी येईल, एखादी विधवा घरमालकीण येईल. दुसऱ्यात गवंडी, सुतार, लोहार. या माणसांना शोधायला इतिहासकार लागत नाही, दुपारची उन्हं उतरल्यावर ओट्यावर बसायची तयारी लागते. शाळेतली मुलं हे काम उत्तम करतील. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही सुरतेत आहेत. त्यांतल्या मुलांनी सिद्दींच्या संस्थानाची यादी केली तर 1791 च्या त्या फसलेल्या व्यवहारातून पुण्याला काहीतरी पदरात पडलं असं म्हणता येईल.

यादी झाली की तिच्यात राजकारण शिरेल, वशिल्याची नावं घुसतील, ज्यानं कधी खिळा ठोकला नाही त्याचा सत्कार होईल, असं म्हणणारे आहेत. शिरेलच. आजही कोनशिलेवर मंत्री, महापौर, आयुक्त यांची नावं असतातच, आणि ज्यांच्या कारकिर्दीत गळती सुरू झाली त्यांचीही असतात. खोट्या नावांच्या भीतीनं खरी नावं लिहायची नाहीत, याला अर्थ नाही. खोटं पकडायचा उपाय साधा आहे. सन्मान माणसाला भाषण करून द्यायचा नाही, इमारतीच्या दाराशी द्यायचा आणि त्याआधी इमारत सगळ्यांना आतून दाखवायची. छप्पर गळत असेल तर पाहुण्यांच्या डोक्यावरच गळेल. म्हणून समारंभ श्रावणात ठेवावा.

आणि या यादीत माझ्या मते एक लूम्सचं खातंही हवं. आज हे ऐकून लोक हसतील. पत्र्याची शेड, तेलकट जमीन, कानठळ्या बसवणारा खडखडाट, यात राखण्यासारखं काय? मुंबईत गिरण्यांबद्दल लोक असंच म्हणत होते. 1982 चा संप झाला, गिरण्या मोडीत निघाल्या, जमिनी विकल्या गेल्या, मॉल आले, आणि मग गिरणगावाच्या आठवणींचं संग्रहालय हवं म्हणून धावाधाव सुरू झाली. तोवर माग भंगारात गेले होते. सचिनमध्ये जुने शटलचे माग काढून वॉटरजेट बसवले जात आहेत, आणि तो व्यवहार थांबवा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण सगळं भंगारवाल्याकडे जाण्याआधी एक खातं, त्यातले चार माग, हजेरीचं रजिस्टर आणि भिंतीवरचं खानदेशी माणसानं लावलेलं सप्तशृंगीचं कॅलेंडर जागच्या जागी ठेवायला फार जागा लागणार नाही. ते खातं चालू असतानाच त्याच्या मालकाला आणि मुकादमाला सांगायला हवं की तुमचं नाव यादीत आहे, छपराचा पत्रा बदलायचा झाला तर आधी आम्हाला कळवा, निम्मा खर्च पालिका देईल.